दहा जणांना पाठवण्याआधी

गेल्या गणेश चवथीच्या आधीची गोष्ट. आमच्या गोव्यातल्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माटोळीची (गणपतीच्या वर फळंपानं बांधून टांगतात ती चौकट) यादी चालली होती. आंबाडे कोण आणणार, चिबूड कोणाकडे पिकलाय, तोरिंग कोणाच्या झाडाला लागलंय, सुपारीचं शिपटं, म्हणजे घड, यंदा कोणाकडून. त्याच्या मधोमध म्हार्दोळच्या मामांचा मेसेज येऊन पडला. सगळा ठळक अक्षरांत. उद्या ‘मार्टिनेली’ नावाचा व्हिडिओ येणार आहे, उघडलात तर फोन हॅक होईल, मग काही केल्या दुरुस्त होणार नाही. ‘व्हॉट्सअ‍ॅप गोल्ड’ घ्या असं कोणी म्हटलं तर घेऊ नका. ओळखीच्या सगळ्यांना कळवा. अर्ध्या तासात पाच जणांनी हात जोडले, दोघांनी आभार मानले, आणि वहिनीने तो मेसेज माहेरच्या ग्रुपवर टाकल्याचं मोठ्या आनंदाने कळवलं. शिपट्याचा विषय वर कुठेतरी गडप झाला.

थोड्या वेळाने मामांचा मला फोन. “गो बाय, हें खरें काय फट?”

फट म्हणजे आमच्याकडे थाप. मी १९९८ पासून फोंड्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवते, जोडीला थोडी दुरुस्ती. इतक्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. आधी ईमेलचा कागद छापून आणायचे, आता फोन नाकासमोर धरतात. मामाही गंमतीचे. फोन मेसेज पाठवण्याआधी नाही केला, पाठवून झाल्यावर केला.

तर खरं काय आणि फट काय, हे ओळखायची माझी रीत लिहून ठेवते. कॉम्प्युटरचं ज्ञान फारसं लागत नाही. घरी धान्य निवडता येतं त्याला हे येईल.

मेसेज वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे काहीच करायचं नाही. फोन खाली ठेवा, चहा टाका. ही थट्टा नाही. असल्या मेसेजची सगळी ताकद ‘लगेच’ या शब्दात असते, आणि चहा उकळेपर्यंत ती निम्मी उतरते. खरा व्हायरस असला तरी तुम्ही दहा मिनिटं मेसेज पुढे न पाठवल्याने कोणाचाही फोन जळत नाही.

मग मेसेज पुन्हा वाचायचा आणि एकच गोष्ट शोधायची: हा मला काय करायला सांगतोय? बाकीची भीती बाजूला ठेवा, मेसेजातली क्रियापदं पाहा. ‘पाठवा’, ‘कळवा’, ‘सर्वांपर्यंत पोचवा’ एवढंच असेल तर फट ओळखण्याचं नव्वद टक्के काम झालं असं माझं मत.

माझी आजी कवळ्याची. मी शाळेत असताना तिला एकदा १५ पैशांचं पिवळं पोस्टकार्ड आलं होतं. देवाचा चमत्कार, कोणाला धन मिळालं, कोणी दुर्लक्ष केलं तर त्याचं दुकान बुडालं, अशाच ११ प्रती लिहून पाठवा. आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून ११ पोस्टकार्डं मी लिहिली, शाळेचा अभ्यास सोडून. कार्डावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. नंतर १९९९ साली क्लासच्या ईमेलवर पहिली व्हायरसची ‘सूचना’ आली, तेव्हा वाचता वाचता मला त्या पोस्टकार्डाचा वास आला. देवाच्या जागी मायक्रोसॉफ्ट बसलं होतं आणि बुडालेल्या दुकानाच्या जागी हार्ड डिस्क. आराखडा तोच.

हिशेबही करून पाहा. प्रत्येकाने दहा जणांना पाठवलं तर सहाव्या पायरीला दहा लाख होतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे सातव्या पायरीला गोवा संपला. व्हायरस म्हणतात तो तरी वेगळं काय करतो? एका यंत्रातून दहा यंत्रांत जातो. इथे यंत्राच्या जागी मामा आहेत, एवढाच फरक.

नुसतं ‘पाठवा’ म्हणणारा मेसेज वेळ खातो, त्यापलीकडे फारसं नुकसान करत नाही. क्रियापद ‘पुसा’, ‘उडवा’, ‘बदला’ असेल तेव्हा मात्र सावध. याची गोष्ट सांगायलाच हवी.

२००२ चा उन्हाळा. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील दुपारी दोन वाजता क्लासच्या दारात, घामाघूम. त्यांच्या ऑफिसातल्या मित्राचा ईमेल आला होता: तुमच्या विंडोजमध्ये ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ नावाची फाइल शोधा. तिच्यावर छोट्या अस्वलाचं चित्र असेल. हा व्हायरस आहे, नॉर्टन, मॅकॅफी या अँटिव्हायरसांनाही दिसत नाही, चौदा दिवस गप्प बसतो आणि मग घाव घालतो. सापडला तर ताबडतोब पुसा आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यांना कळवा, कारण तो त्यांच्याकडेही गेला असणार.

त्यांनी शोधलं. सापडला! अस्वलासकट. त्यांनी पुसला, रिसायकल बिनमधूनही काढला, सगळ्या ऑफिसला कळवलं. आणि आता विचारायला आले होते की आणखी कुठे अस्वल लपलेलं नाही ना.

ती फाइल मायक्रोसॉफ्टचीच होती. जावा या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागणारं एक साधन, विंडोजसोबत येणारं. अस्वलाचं चित्र तिथल्या कोणा कर्मचाऱ्याच्या हौसेचं असावं. फाइल सापडली यात नवल नव्हतं, ती जवळजवळ सगळ्यांकडेच होती. समजा तुम्हाला कोणी पत्र पाठवलं: “काल रात्री तुमच्या घरात चोर शिरला. खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरात पाहा, खोबरेलाची बाटली दिसेल.” तुम्ही जाता, बाटली असते, पाय लटपटतात. गोव्यात खोबरेल नसलेलं स्वयंपाकघर दाखवा. त्या ईमेलचा पुरावा असा होता.

‘अँटिव्हायरसला दिसत नाही’ हे वाक्यही नीट पाहा. ते तपासणीचा रस्ताच बंद करतं. अँटिव्हायरस काही नाही म्हणतो? बरोबर, त्याला दिसत नाहीच म्हणून सांगितलं होतं. मित्राचं यंत्र ठीक चाललंय? चौदा दिवस झाले नसतील. कुठूनही गेलात तरी मेसेजच खरा ठरतो. ज्या विधानाला खोटं ठरायची एकही वाट ठेवलेली नाही, ते विधान करणाऱ्याला ती वाट नको असते.

त्या गृहस्थांचं नशीब बरं, त्या फाइलीवाचून त्यांचं काहीच अडलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये, अशीच दुसऱ्या फाइलीची आवई आली होती: एसयूएलएफएनबीके. विंडोज ९८ मध्ये फाइलींची लांबलचक नावं सांभाळण्याचं, परत आणण्याचं काम करणारी ती फाइल. गंमत अशी की त्या काळात मॅजिस्टर नावाचा खरा व्हायरस फिरत होता, आणि तो कधीकधी याच नावाची, लागण झालेली फाइल ईमेलला चिकटवून पाठवायचा. म्हणजे आवईच्या मुळाशी खऱ्याचा एक तुकडा असणं शक्य आहे. पण ‘ईमेलमधून आलेली ती फाइल उघडू नका’ हा शहाणपणाचा सल्ला फिरता फिरता ‘तुमच्या यंत्रात असलेली ती फाइल पुसा’ असा झाला. तोंडातोंडी गावात गोष्ट पसरते तशीच.

मामांच्या मेसेजातही असा खऱ्याचा तुकडा होता. ‘व्हॉट्सअ‍ॅप गोल्ड’ नावाची खास आवृत्ती मिळेल म्हणून लिंक पाठवण्याचा भुरटेपणा २०१६ मध्ये खरोखर चालला होता, आणि ती लिंक दाबणाऱ्यांना घातक सॉफ्टवेअर मिळायचं. मार्टिनेलीचा व्हिडिओ मात्र कोणी पाहिलेला नाही. २०१७ पासून तो ‘उद्या’ येतोय. दोन्ही एका मेसेजात शिवले की खरा अर्धा खोट्या अर्ध्याला जामीन राहतो. म्हणून एक वाक्य खरं निघालं तरी थांबू नका, प्रत्येक वाक्य वेगळं काढून पाहा.

त्या ‘उद्या’वरून आठवलं. तारीख शोधा. “मायक्रोसॉफ्टने काल जाहीर केलं” असं लिहिलेलं असतं, पण काल म्हणजे कोणत्या दिवसाचा काल? तारीख टाकली तर मेसेज शिळा होतो, म्हणून ती कधीच नसते. २००२ चा काल आणि परवाचा काल एकच. मला एका माजी विद्यार्थ्याने नव्या फोनवरून पाठवलेल्या मेसेजात ‘तुमची सी ड्राइव्ह जळेल’ असं होतं. फोनला सी ड्राइव्ह! ती असते विंडोजच्या कॉम्प्युटरला. ऑलिंपिकच्या मशालीचं चित्र उघडलं की हार्ड डिस्क जळते, ही २००६ ची जुनी आवई. कपडे न बदलता फोनवर आली होती.

मग सही. कोण सांगतंय? ‘आयबीएम’, ‘सीएनएन’, ‘एक पोलीस अधिकारी’. या प्रकारातला आद्यपुरुष म्हणजे १९९४ चा ‘गुड टाइम्स’. त्या नावाचा ईमेल उघडला तर हार्ड डिस्क पुसली जाईल, प्रोसेसर एका अनंत चक्रात अडकून खराब होईल, अशी ती धमकी. खाली दाखला अमेरिकेच्या एफसीसीचा, म्हणजे रेडिओ, टीव्ही, टेलिफोन यांच्यावर देखरेख करणाऱ्या खात्याचा. आपल्याकडे आकाशवाणीने मलेरियाचं औषध लिहून द्यावं तसं. मोठं नाव दिसलं की आपण त्याचं काम काय हे विचारत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या काळात मी वर्गात छातीठोकपणे शिकवायची की नुसता ईमेल वाचून व्हायरस लागत नाही, जोडलेली फाइल उघडावी लागते. १९९४ पुरतं ते बरोबर होतं. पण नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ आला. आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्राममधल्या एका फटीमुळे तो जोडफाइल नसतानाही चालायचा, आउटलुक एक्सप्रेसमध्ये तर पूर्वदृश्यात मेल दिसला तरी पुरे. (ही फट मराठीतली, आमची नव्हे.) मला शिकवलेलं मागे घ्यावं लागलं. तेव्हापासून ‘असं होऊच शकत नाही’ हे वाक्य मी वर्गात वापरत नाही. होऊ शकतं. पण ज्या दिवशी होतं त्या दिवशी सूचना कशी येते, ते पाहा.

मे २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपमध्येच मोठी त्रुटी निघाली. नुसता कॉल करून, समोरच्याने उचलला नाही तरी, फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालता येत होतं. ही कुठल्याही मार्टिनेलीपेक्षा भयंकर गोष्ट. कंपनीने लोकांना सांगितलं काय? अ‍ॅप अपडेट करा, फोनची ऑपरेटिंग सिस्टमही. बस. दहा जणांना पाठवा म्हणाली नाही. खऱ्या सूचनेत एक रटाळ काम सांगितलेलं असतं, आणि ते स्वतःच्या यंत्रावर करायचं असतं.

आपल्या सरकारची सीईआरटी-इन ही संस्था २००४ पासून अशा खऱ्या सूचना देण्याचं काम करते. तिच्या संकेतस्थळावरची एखादी सूचना मुद्दाम उघडून पाहा, झोप येईल. वर क्रमांक, त्यात वर्ष. मग तारीख. कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीला धोका, किती गंभीर, उपाय काय. एकही उद्गारचिन्ह नाही. ज्या सूचनेत आवृत्तीचा आकडा नाही आणि उद्गारचिन्हं सहा आहेत, ती सूचना कुठली ते मी सांगायला नको.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मेसेजातलं सगळ्यात विचित्र वाक्य उचला, अवतरणचिन्हांत टाकून शोधा. ‘मार्टिनेली’सारखं नाव असेल तर नावापुढे इंग्रजीत होक्स (hoax), म्हणजे फट, हा शब्द जोडा. जुनी आवई असेल तर पहिल्या पानावरच तिची कुंडली निघते. ज्या कंपनीचं नाव घेतलंय तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. पत्ता हाताने टाइप करा, मेसेजातल्या लिंकवरून जाऊ नका. केंद्र सरकारचं किंवा त्याच्या मंत्रालयाचं नाव असेल तर पीआयबी फॅक्ट चेकवर, म्हणजे सरकारच्या बातम्या देणाऱ्या खात्याच्या तपासणी-पानावर, पाहा. एखाद्या फाइलीचीच शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती चढवून अनेक अँटिव्हायरसांचं मत एकदम मिळतं. तिथे स्वतःची बँकेची कागदपत्रं वगैरे चढवू नका, चढवलेल्या फाइली इतरांच्याही हाती लागू शकतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण असतील तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय. बाण नसले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. आमच्या मामांना कॉपी-पेस्ट येतं.

‘पाठवणारा आपला माणूस आहे’ हा पुरावा तर अजिबात धरू नका. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ आठवतो? फिलिपीन्समधून निघालेला. तो आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःच जायचा, म्हणून ज्याला मिळाला त्याला ओळखीच्याच माणसाकडून मिळाला. प्रेमपत्राच्या फाइलीचं नाव ‘टीएक्सटी’वर संपल्यासारखं दिसायचं, खरं शेपूट ‘व्हीबीएस’ विंडोज लपवून ठेवायचं. तो खरा व्हायरस होता, आणि ‘ओळखीच्याने पाठवलंय’ या एका विश्वासावर जगभर फिरला.

त्याचा आजचा नातू म्हणजे एपीके. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन, बँकेचं केवायसी, अशा नावाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि तिचं शेपूट ‘एपीके’ असतं. पत्रिका ही चित्र असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप. पत्रिका पाहायला अ‍ॅप बसवावं लागत असेल तर ते लग्न आपलं नव्हे. आमच्या शेजारणीला अशी पत्रिका तिच्याच जावेच्या नंबरावरून आली, कारण जावेचा फोन आधीच भुरट्यांच्या ताब्यात गेला होता. शेजारीण बसवायला निघाली. फोनने ‘अनोळखी स्रोतावरून अ‍ॅप बसवायला परवानगी द्यायची का’ विचारलं, तेव्हा इंग्रजी वाचायचा कंटाळा आला म्हणून माझ्याकडे आली. कंटाळा कधीकधी उपयोगी पडतो.

एखाद्याने बसवलंच असेल, तर फोनचं इंटरनेट ताबडतोब बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करा. इथे मात्र ‘लगेच’ खरं आहे, पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात. चहा नंतर.

उलट, आवईला भुलून विंडोजची एखादी फाइल पुसली असेल तर घाबरू नका. आधी रिसायकल बिन पाहा. तिथे नसेल तर विंडोजमध्ये सिस्टम फाइल चेकर नावाची सोय आहे, हरवलेल्या मूळ फाइली ती परत आणते. जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काय पुसलं ते खरं सांगा. लोक सांगत नाहीत. जूनमध्ये माझ्याकडे येणारे बहुतेक ‘व्हायरस’ हे विजेच्या कडकडाटात गेलेले राउटर असतात, नाहीतर पॉवर सप्लायमध्ये संसार थाटलेल्या मुंग्या.

आणि ईमेलवर काही पाठवायचंच झालं तर सगळ्यांचे पत्ते बीसीसीच्या रकान्यात टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. जुन्या साखळी ईमेलांत वरच्या पाच पानांवर नुसते पत्तेच असायचे. कचरा मेल पाठवणाऱ्यांना आयती वही.

राहिला मामांचा प्रश्न. वयाने मोठ्या माणसाला ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ म्हणायचं नाही. मी एकदा केलंय, दोन चवथी बोलणं बंद होतं. मामांना मी खासगीत लिहिलं: “मामा, मार्टिनेलीची फट आहे, २०१७ पासून फिरतेय. गोल्डचं खरं आहे, ते बरं केलंत. तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर सगळे ऐकतील.” वहिनीला वेगळं लिहिलं, कारण माहेरचा ग्रुप तिच्याच हातात.

मामांनी तासाभराने टाकलं: “वरील मेसेजातील व्हिडिओची माहिती चुकीची आहे. गोल्डची बरोबर.” पुन्हा पाच जणांनी हात जोडले. मग मामांनीच वर जाऊन जुनी यादी शोधली, खाली आणली आणि विचारलं, “शिपटं कोण आणतलो?”

कोणीच उत्तर दिलं नाही. शेवटी चवथीच्या आदल्या दिवशी मी फोंड्याच्या बाजारातून विकत आणलं.